वाघजाईचा वाटा

शेगडीपाशी बसताना दत्ता नेहमी रस्त्याकडे पाठ करून बसायचा. आपण काय भाजतोय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये, एवढाच हेतू. पण माणूस पाठ फिरवू शकतो, धूर कसा फिरवणार? जांभळाच्या लाकडाचा तो गोडसर धूर बंगल्याच्या कुंपणावरून निवांत बाहेर पडत होता आणि पानशेतहून वर वाड्यांकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात शिरत होता. एकदोघांनी गाडी हळू करून विचारलंही, ‘काय दत्ताभाऊ, आज मटान का?’ दत्तानं नुसती मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मटण नव्हतंच. डुकराचा खांदा होता, पुण्याच्या दुकानातून बर्फात घालून आणलेला. बंगल्याचे मालक इंद्रजितसाहेब त्याला पोर्क म्हणायचे. दत्ता मनातल्या मनातसुद्धा त्याचं नाव घ्यायचा नाही. त्याची बायको धनश्री त्याच बंगल्यावर झाडलोट करायची. ती ‘तुमचं ते’ म्हणायची, आणि म्हणताना पदर नाकाला लावायची.

ही झाकणाची गोल, बुटकी शेगडी साहेबांनी गेल्या हिवाळ्यात आणली. पेटते कोळसे एका बाजूला लोटायचे, मांस दुसऱ्या बाजूला ठेवायचं, खाली पाण्याची थाळी. झाकणाची भोकं अर्धी मिटायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसत्या धगीवर आणि धुरावर शिजू द्यायचं. धूर पांढरा आला की मांस कडू होतं, पातळ निळसर हवा. मधे एक वेळ अशी येते की झाकणावरचा तापमानाचा काटा पुढे सरकतच नाही, तेव्हा घाई करून कोळसा वाढवायचा नाही. साहेबांना ही सगळी माहिती तोंडपाठ होती, फक्त धीर नव्हता. त्यांनी दोनदा करपवलं आणि मग ते काम दत्ताच्या गळ्यात घातलं. दत्ताचं पहिल्याच वेळी जमलं. चुलीपुढं वाढलेल्या माणसाला धग कळते, त्यात काही विशेष नाही.

लाजेची गोष्ट ती नव्हतीच. लाजेची गोष्ट ही होती की दत्ताला ते काम आवडायला लागलं होतं. मीठ, मिरी, लसूण आणि गुळाची भुकटी चोळून ठेवलेलं मांस हळूहळू काळपट तांबूस होत जाताना बघायला त्याला बरं वाटायचं. एकदा चव बघायची म्हणून त्यानं कडेचा तुकडा तोंडात टाकला. मग आणखी एक टाकला, तो चव बघायला नव्हता. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यानं राखुंडीनं दात घासले, दोनदा चूळ भरली, तरी लेकीशी बोलताना तोंडापुढे हात धरून बोलला.

आता कुणी म्हणेल, त्या खोऱ्यात डुक्कर खात नाहीत की काय? खातात की. रानडुक्कर मारलं तर ते फक्त फॉरेस्टवाल्यांपासून लपवायचं, एरवी त्याची मिशीला पीळ देऊन बढाई मारायची. रानातलं म्हणजे शिकार. पण गावात उकिरडा फुंकत फिरतं ते डुक्कर म्हणजे शी, त्याचं नाव जेवताना काढायचं नाही. दुकानातलं डुक्कर पाळलेलं, म्हणजे ते गावातल्याचंच भाऊबंद. त्यानं जन्मात उकिरडा बघितला नसेल, पण हे वाडीला कोण समजावणार?

आणि वाडीला आत्ता काही कळणं परवडणारं नव्हतं. दत्ताची लेक स्नेहल हिची सोयरीक विंझरच्या कुंडलिकच्या घरी जुळत आली होती. कुंडलिकचं किराणा दुकान, मुलगा सरळ, माणसं मात्र चारचौघांत काय म्हणतील याला जपणारी. मुलीचा बाप बंगल्यावर डुक्कर भाजतो आणि खातो, एवढं त्यांच्या कानावर जायचा अवकाश, सोयरीक मोडलीच असती. सोयरीक जुळवली होती दत्ताच्या चुलत्यानं, सोनबातात्यांनी. दत्ताचा बाप लवकर गेला, तेव्हापासून बापाच्या जागी तेच होते.

त्या दिवशी उन्हं कलताना बंगल्याचं फाटक ढकलून आत आले ते नेमके तेच.

‘तात्या, तुमी?’ दत्ता ताडकन उठला आणि शेगडी आपल्या मागे येईल असा उभा राहिला. ‘निरोप धाडायचा, म्या आलो असतो वर.’

‘बातमीच तशी हाय,’ तात्या म्हणाले. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं सोडून घाम पुसला. ‘कुंडलिक भेटला हुता. पोरगी पसंत हाय म्हनतोय. जत्रंत वाघजाईपुढं सुपारी फोडू म्हनतोय. तुला आदी सांगावं म्हनून तसाच उतरलो खाली.’

दत्ताला इतका आनंद झाला की तो क्षणभर शेगडी विसरला. वाकून तात्यांच्या पाया पडला. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग तो हात तिथंच राहिला, कारण तात्या नाक वर करून वास घेत होते.

‘काय भाजतूस?’

‘मटान. सायबांचं. पाव्हनं येनार हायत संध्याकाळी.’

तात्या जवळ गेले. मुंडाशाचं टोक हाताला गुंडाळून त्यांनी झाकण उचललं. धुराचा लोट त्यांच्या तोंडावर आला, तरी ते वाकून बघत राहिले. एका बोटानं त्यांनी वरचा चरबीचा थर दाबला. तरुणपणी वाडीची प्रत्येक शिकार सोलायची ती तात्यांनी आणि वाटे घालायचे तेही तात्यांनीच.

‘मटान म्हनतूस व्हय रं मला?’ ते म्हणाले. ‘डुकराचा खांदा हाय ह्यो.’

झालं, संपलं, असं दत्ताला वाटलं. पण तात्यांनी झाकण ठेवलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘कुनी मारलं?’

त्यांच्या मनात दुसरं डुक्कर आलंच नव्हतं. त्यांचा सुरकुतलेला चेहरा असा उजळला होता की दत्ताला त्याच्याकडे बघवेना. गप्प बसला असता तरी निभावलं असतं. पण तो गप्प बसला नाही.

‘पल्याडच्या लोकांनी,’ तो म्हणाला. ‘सायबांना दिलंय. कुठं बोलू नगा, तात्या.’

‘चरबी लई हाय रं.’

‘भुईमुगात घुसत हुतं म्हनं सारखं.’

इतकं सफाईदार खोटं आपल्याला येतं याचं दत्ताला नवल वाटलं, आणि त्या नवलाचीही लाज वाटली. तात्यांनी मात्र मान डोलावली. भुईमूग खाल्लेल्या डुकराला चरबी असायचीच.

‘लई सालं झाली,’ ते पायरीवर टेकत म्हणाले. ‘बंदी आल्यापून आपल्या वाडीत शिकार न्हाई. पोरांना तर ठावंच न्हाई चव. वाघजाईचा वाटा काढलास का?’

दत्ताला वाटलं आपण हे ऐकलंच नसतं तर बरं. वाडीच्या कुणाच्याही हातात शिकारीचं मांस आलं, मग ते स्वतः मारलेलं असो की मिळालेलं, पहिला तुकडा वाघजाईपुढे ठेवायचा आणि त्यातला नखाएवढा का होईना, घराघरात द्यायचा, ही जुनी रीत. देवीचं रान, देवीची शिकार, तिला डावलून घास घेतला तर तो पचत नाही म्हणतात.

‘आपलं न्हाई ते, तात्या. सायबांचं हाय.’

‘आसू दे. हात वाडीचा लागलाय न्हवं? काढ तुकडा. सायेब बोलला तर माझं नाव सांग.’

सुरी आणायला दत्ता आत गेला आणि स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिला. बाहेर जाऊन सांगावं, ‘तात्या, हे दुकानातलं हाय,’ चार शब्द. पण ते सांगायचं म्हणजे आधीचंही सांगावं लागणार होतं. तो सुरी घेऊन बाहेर आला, त्यानं टोकाकडचा एक तुकडा कापला, बागेतल्या केळीच्या पानात बांधला आणि दोन्ही हातांनी तात्यांना दिला. तात्यांनी तो कपाळाला लावला.

‘सांजच्याला दिवा लावताना ठेवतो,’ म्हणून ते वडापची जीप गाठायला निघून गेले.

दत्ता वळला तर ओट्यावर धनश्री उभी. हातात केरसुणी, पण झाडत नव्हती.

‘ऐकलं म्या समदं,’ ती म्हणाली.

‘मंग काय करू? सुपारी फुटायची हाय आता. तोंड उघडलं तर कुंडलिक उभा ऱ्हाईल का दारात?’

‘न्हाई ऱ्हानार.’

‘मंग?’

‘मंग वाडीला खाऊ घाला आन् बघत बसा. भागूआत्यांचा आज देवीचा उपास हाय, त्या वाघजाईच्या तुकड्यावरच सोडतील, ठावं हाय न्हवं? त्यांच्या तोंडात पडू द्या तुमचं ते.’ तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्तच लागला. ‘सोयरीक म्या बी नवस करून जुळवलीया. पन देवीला फसवून लेकीची वटी भरायची व्हय?’

‘शेगडी कोन बघनार?’

धनश्रीनं केरसुणी टाकली, पदर तोंडाभोवती घट्ट बांधला आणि ती शेगडीपाशी जाऊन बसली. त्या शेगडीच्या जवळ ती आजवर कधी गेली नव्हती. ‘धूर निळा पायजे न्हवं?’ तिनं विचारलं. ‘बघते म्या. जावा.’

दत्तानं मोटारसायकल काढली. डांबरी रस्ता संपेपर्यंत आणि नंतरच्या पायवाटेवर धापा टाकत तो मनात वाक्य जुळवत होता. ‘चूक झाली,’ असं म्हणायचं. ‘ते मांस वेगळं निघालं,’ असं म्हणायचं. ‘दुकानदारानं फसवलं’ असंही एक वाक्य त्यानं करून बघितलं आणि मग स्वतःलाच शिवी हासडली. कुठल्याच वाक्यात ‘म्या’ हा शब्द येत नव्हता.

वाघजाईचं ठाणं वाडीच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली. शेंदूर फासलेली शिळा आणि पुढे चार फरश्या. एरवी दिवेलागणीला तिथं एखादंच माणूस असतं, आज निम्मी वाडी जमली होती. शिकारीचा वाटा आलाय ही बातमी तात्यांच्या आधी पोचली असावी. दिवा लागला होता. केळीचं पान उलगडून शिळेपुढे ठेवलं होतं आणि तात्या त्यातले बारीक बारीक तुकडे मोडत होते. पहिली ओंजळ भागूआत्याची. म्हातारी डोळे मिटून, हात पुढे करून उभी होती.

‘थांबा,’ दत्ता ओरडला. ‘त्ये दिऊ नगा. रानातलं न्हाई त्ये.’

सगळ्यांच्या माना वळल्या.

‘दुकानातलं हाय,’ तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. ‘पुन्याच्या. पाळलेल्या डुकराचं.’

भागूआत्यानं हात मागे घेतला. हातात काही पडलं नव्हतं, तरी तिनं तो लुगड्याला घासून घासून पुसला. कुणीतरी थुंकलं. दत्ताच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण छातीवरचं ओझं थोडं उतरलं. सांगितलं एकदाचं, असं त्याला वाटलं. अर्धंच सांगितलं होतं, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

वाडीतला जाणता माणूस सावळाराम पुढे आला. तो आधी शिळेच्या पाया पडला आणि मग त्यानं विचारलं, ‘मंग रानातलं हाय म्हनून कुनी सांगितलं?’

हा प्रश्न तिथं कुणी उगाच विचारत नाही. वाघजाईच्या दारात खोटं आणणाऱ्यानं त्या सालच्या जत्रेत पंगतीला बसायचं नाही. चपला काढतात तिथं, वेगळं बसून जेवायचं, आणि देवीच्या कुठल्या कामाला हात लावायचा नाही. आलेल्या पाहुण्याला सगळ्यात आधी तेच दिसतं. दत्ताच्या डोळ्यापुढे जत्रा आली, चपलांच्या राशीत बसलेला तो आणि सुपारी घेऊन आलेला कुंडलिक. त्यानं तोंड उघडलं. ‘म्या’ एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलेना. फार वेळ नाही, आवंढा गिळायला लागतो तेवढाच गेला.

तात्या त्याच्याकडे बघत होते. दत्तानं मान खाली घातली, आणि तात्यांना काय ते कळलं.

‘म्या सांगितलं,’ तात्या म्हणाले.

‘तुमी?’ सावळारामला खरं वाटेना.

‘व्हय, म्याच. बंगल्यावर गेलो हुतो, तितं सायेब भाजत हुता. ह्यो आपला लाकडं आनून देतो, म्या हितं काय सांगनार त्याला काय ठावं? म्याच सायबाकडनं मागून घेतलं. लई सालं वाटा ठेवला न्हाई, वाटलं ठेवावा. रानातलं म्हनून सांगितलं.’ ते शिळेकडे न बघता बोलत होते. ‘चुकलं माझं.’

वाडीत कुणी तात्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी ते खरं मानलं. तेवढी पत त्यांनी आयुष्यभरात जमवली होती आणि एका दमात खर्च करून टाकली. दत्ता तिथंच उभा होता. ‘न्हाई, तात्या खोटं बोलतायत,’ असं म्हणायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. तो बोलला नाही. एकदा नाही बोललं की पुढचं न बोलणं सोपं होतं, हे त्या दिवशी त्याला समजलं.

सावळारामनं गोमूत्र मागवलं, फरश्या धुऊन घ्यायला लावल्या. तात्यांनी पान गुंडाळलं आणि ओढ्याकडे निघाले. दत्ता मागोमाग गेला.

‘तात्या...’

‘घरी जा,’ ते वळून न बघता म्हणाले. ‘सायबाचं पाव्हनं आलं आसतील.’

पाहुणे आले होते. धनश्रीनं शेगडी नीट सांभाळली होती. मांस बोटांनी सुटत होतं आणि सगळे वाहवा करत होते. साहेबांनी दत्ताला मुद्दाम पुढे बोलावलं. ‘हेच आमचे दत्ताभाऊ,’ ते पाहुण्यांना म्हणाले, ‘सगळं हेच करतात. मी नुसता खातो.’ पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका माणसानं सगळं श्रेय हातात आणून दिलं होतं आणि दुसऱ्यानं सगळा दोष हातातून काढून घेतला होता. दत्तानं हात मागे बांधले आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. धनश्रीनं त्याला काय झालं ते विचारलं, त्यानं सांगितलं, आणि ती त्यानंतर त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

चैत्रात जत्रा भरली. कुंडलिक भाऊबंदांना घेऊन जीप भरून आला. वाघजाईपुढे सुपारी फुटली, स्नेहलची ओटी भरली. पोरगी लाजून हसत होती आणि दत्ताला तिच्याकडे धड बघता येत नव्हतं. मग आंब्याखाली बोकडाच्या मटणाच्या पंगती बसल्या. वाटे घालायला यंदा सावळाराम होता. त्याला अंदाज नव्हता, कुणाला हाडं जास्त जात होती, कुणाला नुसता रस्सा, आणि बाया कुजबुजत होत्या की तात्यांच्या हाताखाली असं कधी झालं नाही.

तात्या चपलांपाशी बसले होते. धुतलेला सदरा, नवं मुंडासं, पुढ्यात पत्रावळ.

‘ते तुमचे चुलते ना?’ कुंडलिकनं विचारलं. ‘सोयरीक त्यांनी जुळवली आणि तेच तिकडं का?’

‘देवीपाशी खोटं बोलले,’ सावळाराम वाढता वाढता म्हणाला.

कुंडलिकनं च्‌ च्‌ केलं. ‘म्हातारपणी माणसाचं असंच होतं. जाऊ द्या. तुमच्यासारखा पुतण्या आहे, सांभाळून घेतो.’

दत्तानं पत्रावळ उचलली, पंगतीतून उठला आणि सरळ जाऊन चपलांच्या राशीत तात्यांच्या शेजारी मांडी घातली. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

‘ऊठ,’ तात्या म्हणाले. ते जेवत होते, मान वर केली नाही.

‘म्या सांगतो समद्यांना. आत्ता सांगतो.’

‘तवा सांगायचं हुतं.’

‘तवा जीभ उचलली न्हाई, तात्या. लाज वाटली.’

‘आन् आता कमी वाटावी म्हनून हितं आलास.’ तात्यांनी रश्श्यात भाकरी कुस्करली. आवाजात राग नव्हता, राग असता तर दत्ताला सोसला असता. ‘आता सांगून काय हुईल? पोरीची सुपारी मोडंल. मंग म्या जन्मात एकदाच देवीपाशी खोटं बोललो, त्ये कशापायी? ऊठ, पाव्हनं बघत्यात.’

दत्ता उठला. पत्रावळ घेऊन तो परत चालत गेला तेव्हा पंगतीतल्या लोकांनी त्याच्याकडे कौतुकानं बघितलं. म्हातारा चुकला तरी पुतण्या विचारपूस करून आला, असं त्यांना वाटलं असणार. कुंडलिकनं सरकून जागा केली. नवे व्याही म्हणून त्यानं मटणाचा मोठा तुकडा भाकरीत धरला आणि सगळ्यांदेखत दत्तापुढे केला.

‘आ करा, व्याही,’ तो हसत म्हणाला.

दत्तानं तोंड उघडलं आणि घास घेतला.